हात वर करा

गरीब असणे आणि आपण गरीब आहोत हे कळणे, या दोन गोष्टींच्या मध्ये मुलाच्या आयुष्यात काही वर्षे जातात, आणि त्या वर्षांनाच बालपण म्हणावे असे मला वाटते. त्या काळात अभाव असतोच. भूक असते, थंडी वाजते, औषध वेळेवर येत नाही. पण या सगळ्याला अजून नाव पडलेले नसते. अंगातला सदरा मोठ्या भावंडाचा आहे ही तेव्हा निव्वळ माहिती असते, आणि पुढे कधीतरी तीच माहिती गुपित होऊन बसते. हा बदल कसा होतो, कोण घडवून आणते आणि तो झाल्यावर मुलाच्या हातून काय निसटते, याविषयी मला लिहायचे आहे. गरिबीवरच्या बहुतेक लिखाणात पोटाचा हिशेब असतो आणि तो असायलाच हवा. लाजेचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो, कारण जे तो मांडू शकतील त्यांनी तो लपवण्यातच निम्मे आयुष्य घालवलेले असते.

लाज घेऊन कोणी जन्माला येत नाही. मूल दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत आरशातले मूल म्हणजे आपणच, हेही त्याला उमगत नाही. हे तपासण्याची पद्धत मोठी गमतीची आहे. मुलाच्या नकळत त्याच्या नाकाला रंगाचा ठिपका लावायचा आणि त्याला आरशासमोर आणायचे. लहान मूल आरशातल्या ठिपक्याकडे हात नेते, थोडे मोठे झालेले मूल स्वतःच्या नाकाला हात लावते. ब्यूला अ‍ॅम्स्टरडॅम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध केला. ज्या वयात हात नाकाकडे वळू लागतो, साधारण त्याच वयाच्या आसपास मूल दुसऱ्याच्या नजरेने ओशाळायलाही लागते, असे पुढच्या संशोधनात दिसून आले. म्हणजे ‘मी’ आणि ‘मला कोणीतरी पाहत आहे’ ही जाणीव जवळजवळ जोडीनेच येते. चार-पाच वर्षांची मुले तर कपडे आणि खेळणी पाहून कोणाच्या घरी अधिक आहे हे ओळखतात आणि ज्याच्याकडे अधिक आहे त्याच्याकडे त्यांचा कलही जातो. मुलांना श्रीमंत-गरीब काही कळत नसते, हे मोठ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी करून घेतलेले समाधान आहे.

तरीही निव्वळ फरक दिसल्याने लाज येत नाही. ज्या वस्तीत सगळ्यांच्याच भिंतींना ओल असते तिथे ओलीचे कोणालाच काही वाटत नाही. लाज येते ती फरक चारचौघांत मोजला जातो तेव्हा, आणि मूल ज्या ठिकाणी पहिल्यांदा असे मोजले जाते ती जागा बहुतेक वेळा शाळा असते. यातला विरोधाभास मला आजही त्रास देतो. गरिबीतून बाहेर पडण्याचा रस्ता शाळेतून जातो, हे खरेच आहे. पण वेगवेगळ्या घरांतली मुले एका बाकावर बसवून त्यांची रोज तुलना होईल अशी व्यवस्थाही तिथेच असते, आणि रस्ता धरायचा तर ही तुलना सोसावी लागते.

आमच्या वर्गात सहलीचे पैसे गोळा करण्याचा दिवस होता. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. हातात यादी होती, तास संपत आला होता आणि हिशेब वरच्या खोलीत द्यायचा होता, म्हणून त्यांनी सोपा मार्ग काढला. ज्यांनी पैसे आणलेले नाहीत त्यांनी हात वर करा, असे त्या म्हणाल्या. माझ्या गणवेशाच्या बाहीखाली, काखेत, आईने घातलेली टीप होती. कापड निळे आणि दोरा काळा, कारण घरात तेवढेच एक रीळ शिल्लक होते. हात पूर्ण वर केला असता तर ती टीप मागच्या बाकापर्यंत दिसली असती. कोपर अंगाला चिकटवून पंजा तेवढा खांद्याच्या उंचीवर धरला तर ती दिसत नाही, हे मला त्या क्षणी सुचले, आणि सुचले ते कायमचे अंगवळणी पडले. पुढे बाईंनी प्रश्न विचारला आणि उत्तर येत असले तरी माझा हात तसाच, अर्धाच वर जाई. अर्धा हात पाहून त्यांना वाटे की हिला उत्तराची खात्री नाही, आणि त्या दुसऱ्या कोणाला तरी विचारत.

ही गोष्ट मी दुःखाची म्हणून सांगत नाही. त्या दिवशी मी रडले नव्हते. फाटकी काख लपवण्याची युक्ती सापडल्याचा थोडा आनंदच झाला होता. मला तिच्यातला हिशेब महत्त्वाचा वाटतो. एका टिपेची किंमत काय, तर काही महिने वर्गात न दिलेली उत्तरे. ही किंमत कोणत्याही वहीत लिहिली जात नाही. बाईंच्या लेखी मी अबोल मुलगी होते, प्रगतिपुस्तकातही तसाच शेरा असे, आणि अबोलपणा हा स्वभाव असतो असे समजून सगळे पुढे जात.

गरिबीचा आणि लाजेचा हा संबंध अर्थशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, याचे मला मोठेपणी नवल वाटले. अ‍ॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात गरजेची वस्तू कशाला म्हणावे याचा विचार करताना लिननच्या सदऱ्याचे उदाहरण घेतले आहे. जगायला तो सदरा लागत नाही, प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक त्याच्यावाचून सुखाने राहत होते. पण आपल्या काळात युरोपच्या बहुतेक भागांत साध्या रोजंदारीच्या मजुरालाही त्याच्याशिवाय लोकांत जायची लाज वाटेल, म्हणून ती गरजच, असे तो म्हणतो. पुढचे त्याचे निरीक्षण आणखी बारीक आहे. कातडी जोडे इंग्लंडमध्ये गरिबातल्या गरीब स्त्री-पुरुषाला लाजेखातर लागतात. स्कॉटलंडमध्ये पुरुषांना लागतात, पण त्याच थरातली बाई अनवाणी चालली तरी तिला कोणी नावे ठेवत नाही. फ्रान्समध्ये दोघांनाही लागत नाहीत. सीमा ओलांडली की पायांची लाज बदलते. अमर्त्य सेन यांनी दोनशे वर्षांनी हाच धागा उचलला. गरिबी म्हणजे काय हे ठरवताना चारचौघांत न लाजता वावरता येणे ही माणसाची मूलभूत क्षमता धरली पाहिजे. त्यासाठी लागणाऱ्या वस्तू देशागणिक आणि काळागणिक बदलतील, पण ती क्षमता बदलत नाही, असे त्यांनी १९८३ च्या एका निबंधात मांडले.

सेन यांचा हा मुद्दा पुढे प्रत्यक्ष ताडूनही पाहिला गेला. ऑक्सफर्डमधल्या रॉबर्ट वॉकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युगांडा, भारत, चीन, पाकिस्तान, दक्षिण कोरिया, ब्रिटन आणि नॉर्वे या सात देशांतल्या गरीब माणसांशी बोलून २०१३-१४ च्या सुमारास आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. युगांडातल्या खेड्यातली गरिबी आणि नॉर्वेतली गरिबी यांची पैशांत तुलनाच होऊ शकत नाही. तरीही लोक जे सांगत होते ते विलक्षण सारखे होते. आपण आपल्या परीने सगळे प्रयत्न केले असे बहुतेकांना वाटत होते, आणि तरी लाज वाटत होती. मग परिस्थिती बरी असल्याचे सोंग आणायचे, माणसांत जाणे टाळायचे, स्वतःलाच बोल लावायचे. सातही ठिकाणी हेच. मला यात सर्वांत खटकणारा भाग सोंगाचा वाटतो, कारण सोंगाला पैसे लागतात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून घरातली मोठी माणसे ज्या मुठी झाकून ठेवतात, त्या झाकण्यासाठी कधी कधी कर्ज काढलेले असते.

मुलांजवळ पैसे नसतात, म्हणून त्यांची सोंगे फुकटात वठवावी लागतात. अशा एका सोंगाची हकिगत चार्ल्स डिकन्सने स्वतःबद्दल लिहून ठेवली आहे. १८२४ साली, बारा वर्षांचा असताना, त्याला लंडनमध्ये बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात पॉलिशच्या बरण्यांवर कागद बांधण्याच्या आणि लेबले चिकटवण्याच्या कामाला लावले होते, आणि त्याच सुमारास त्याचे वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात होते. एकदा कामावर असताना त्याच्या कुशीत जोराची कळ आली. बॉब फॅगिन नावाच्या त्याच्याहून मोठ्या मुलाने रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून त्याला अर्धा दिवस शेक दिला, आणि संध्याकाळी याला एकट्याला कसे सोडायचे म्हणून तो त्याच्याबरोबर निघाला. घर दाखवायचे तर तुरुंगापाशी जावे लागणार. डिकन्सने त्याला कटवण्याचे नाना प्रयत्न केले आणि शेवटी सदर्क पुलाजवळच्या कोणत्या तरी घराच्या पायऱ्यांवर थांबून, हेच माझे घर, असे भासवून त्याचा हात हातात घेऊन निरोप घेतला. फॅगिनने मागे वळून पाहिले तर पंचाईत नको म्हणून त्याने दारही ठोठावले, आणि दार उघडणाऱ्या बाईला विचारले, मिस्टर रॉबर्ट फॅगिन इथेच राहतात का?

हा प्रसंग वाचताना बहुतेकांना हसू येते, आणि यावे अशाच रीतीने त्याने तो लिहिला आहे. पण पुढचे पाऊल पाहा. या प्रेमळ मुलाचे नाव डिकन्सने बऱ्याच वर्षांनी आपल्या एका कादंबरीतल्या, लहान मुलांना चोऱ्या शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बदमाशाला दिले. नाव उसने घेतल्याचे त्याने स्वतःच नमूद केले आहे, कारण मात्र सांगितलेले नाही. मला ते कारण अनोळखी वाटत नाही. ज्याने आपल्याला अडचणीत पाहिले आणि वरून मदतही केली, त्याचे उपकार फेडता येतात. पण त्याने पाहिले होते, हे कसे फेडायचे? मदत करणारा माणूस आपल्या लाजेचा साक्षीदार होतो आणि साक्षीदार नकोसा होतो. गरीब मुले ज्यांनी मदत केली त्यांचे तोंड चुकवतात, आणि त्यांना कृतघ्न म्हटले जाते. खरे तर ती दुसऱ्याच कोणाचे तरी तोंड चुकवत असतात, त्या दिवशीच्या स्वतःचे.

हा सगळा काळ डिकन्सने आपल्या मुलांनाही सांगितला नाही. जॉन फॉर्स्टर या मित्राजवळ तेवढा लिहून दिला, आणि १८७० साली डिकन्स वारल्यानंतर फॉर्स्टरच्या चरित्रातून तो जगाला कळला. ज्याच्या कादंबऱ्यांत गरीब मुलांची एवढी गर्दी आहे त्याच्या घरी ही गोष्ट बंद दाराआड होती.

आता निरागसपणाकडे येते. निरागसपणा हरवतो म्हणजे मुलाला जगातले वाईट कळते, अशी आपली साधारण समजूत असते. गरीब घरात ते याहून रुक्ष पद्धतीने घडते. दारावर थाप पडते. उसने दिलेले परत मागायला माणूस आलेला असतो. घरातले मोठे माणूस आतल्या खोलीत भिंतीला टेकून उभे राहते आणि मुलाला खुणेने सांगते, नाहीत म्हणून सांग. मूल दाराशी जाते आणि सांगते. खोटे बोलू नये, हे ज्या तोंडाने शिकवले त्याच तोंडाने हे सांगायला लावलेले असते, आणि मुलाला त्याचा रागही येत नाही, कारण बाहेरच्या माणसाच्या आवाजात आपल्या वडिलांविषयी जो तुच्छपणा असतो तो त्याने ऐकलेला असतो. आयुष्यातले पहिले नीट रचलेले खोटे ते स्वतःच्या फायद्यासाठी बोलत नाही. मोठ्या माणसाची अब्रू आता माझ्या हातात आहे, हे त्याला दाराच्या त्या फटीत उभे असताना कळते. संरक्षण करणारे कोण आणि ज्याचे करायचे ते कोण, यांची तिथे अदलाबदल होते. त्या वयाच्या मुलाला हे ओझे पेलते, हीच खरी वाईट गोष्ट आहे. पेलले नसते तर कोणाचे तरी लक्ष गेले असते.

पेलते म्हणून त्याचे कौतुक होते. किती शहाणे मूल, कशासाठी हट्ट करत नाही, असे पाहुणे म्हणतात, आणि आईच्या चेहऱ्यावर अभिमान आणि अपराधीपणा यांचे असे काही मिश्रण येते की मूल पुढचा हट्टही मनातल्या मनात गिळते. टेस रिज या संशोधिकेने ब्रिटनमधल्या गरीब घरांतल्या मुलांना त्यांच्याच तोंडून बोलते केले आणि २००२ साली त्यावर पुस्तक लिहिले. घरच्यांना अवघड होईल म्हणून आपल्याला काय हवे ते मुले सांगतच नाहीत, शाळेच्या सहलीला जायचेच नव्हते असे दाखवतात, सहलीची सूचना घरी पोहोचूच देत नाहीत, असे तिला आढळले. हे वाचताना मला सहलीच्या चिठ्ठीच्या घड्या आठवल्या. कंपासपेटीत कर्कटकाखाली बसेल इतकी बारीक घडी घालायची, आणि नंतर ती पेन्सिलीच्या भुश्शाबरोबर झटकून टाकायची. पालकांना वाटते की आपण मुलांना कळू दिले नाही, मुलांना वाटते की आपण पालकांना कळू दिले नाही, आणि एकाच छपराखाली दोन्ही बाजूंनी हे इतक्या मायेने चाललेले असते की ते तोडायला कोणाचेच मन धजत नाही.

या लाजेचा आणखी एक थर आहे आणि त्याविषयी लिहिणे सर्वांत अवघड. आपल्या फाटक्या कपड्याची लाज मुलाला सोसते. आपल्या माणसांची लाज वाटू लागते तेव्हा मात्र काहीतरी कायमचे हलते. शाळेच्या फाटकापाशी उभी असलेली आई तोवर फक्त आई असते. मग एक दिवस कोणीतरी तिच्याकडे पाहते, आणि मूल ते पाहणे पाहते. तिची चप्पल, तिचे बोलणे, शिक्षकांसमोर तिने आपोआप खाली घातलेली मान. हे सगळे कालही होते. आज ते परक्याच्या डोळ्यांनी दिसले, आणि एकदा तसे दिसले की ते डोळे काढून परत करता येत नाहीत. डिकन्सचा तो कारखाना पुढे चँडोस स्ट्रीटवर आला, तिथे मुले खिडकीपाशी काम करत आणि त्यांचा कामाचा झपाटा पाहायला रस्त्यावरचे लोक थांबत. एके दिवशी त्याचे वडील तिथे आले असताना अशीच बघ्यांची गर्दी होती, आणि त्यांना हे पाहवले कसे, असा प्रश्न त्याला पडला. कामावरून काढल्यावर त्याला पुन्हा तिथेच धाडावे असा आईचा आग्रह होता, हे तो कधीच विसरला नाही, विसरणे शक्य नाही असेच त्याने लिहिले. मुलाचा आईवरचा हा राग मला कळतो. त्या आईचाही निरुपाय कळतो, कारण नवरा नुकताच तुरुंगातून सुटलेला, घरात मुले, आणि बारा वर्षांच्या पोराचा आठवड्याचा पगार हा तिच्या लेखी पगारच होता. गरिबीत कोणाची बाजू घ्यावी हे ठरवणे अनेकदा अशक्य होते, आणि मुलाला ते विनाकारण ठरवावे लागते.

लाज ही मनाची बाब आहे, आपण मनाने खंबीर असावे, असा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. मला तो पटत नाही. लाजेचा मोठा भाग मनात नसून पद्धतीत असतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. कोणाची जात कोणती हे उघड केलेले नव्हते तेव्हा खालच्या मानलेल्या जातींची मुले इतरांच्या बरोबरीने कोडी सोडवत होती. सगळ्यांदेखत नाव आणि जात पुकारून मग कोडी दिली तेव्हा त्यांची कामगिरी घसरली. दोन्ही वेळची मुले सारखीच होती आणि त्यांचे डोकेही सारखेच होते. फक्त एक यादी मोठ्याने वाचली गेली. जातीची लाज आणि गरिबीची लाज एक नव्हेत, जातीची जखम वेगळी आणि अधिक जुनी आहे, पण यादी मोठ्याने वाचल्यावर काय होते याचा पुरावा म्हणून मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो.

पद्धतीने जे घडते ते पद्धत बदलून मोडताही येते. फिनलंडने शाळेतले जेवण सर्वच मुलांना मोफत देण्याचा कायदा १९४३ साली केला आणि १९४८ पासून तो देशभर अमलात आला. श्रीमंताच्या मुलालाही फुकट कशाला, असा प्रश्न तिथेही कोणी विचारला असेल, आणि हिशेबनिसाच्या दृष्टीने तो रास्तच आहे. पण सगळेच एका रांगेत उभे राहिले की रांगेत गरीब कोण हे ओळखायची सोयच उरत नाही, आणि त्या सोयीच्या नसण्यावर केलेला खर्च मी वायफळ मानत नाही. याच्या उलट टोक अमेरिकेतल्या काही शाळांमध्ये दिसले. जेवणाचे पैसे थकले की मुलाच्या हातावर शिक्का मारणे, त्याच्याकडून साफसफाईची कामे करून घेणे, ताटात वाढलेले त्याच्यासमोर फेकून देणे. न्यू मेक्सिको राज्याने २०१७ साली कायदा करून हे सगळे बंद केले. थकबाकी पालकांकडे मागावी, मुलाला त्यात ओढू नये, असे सांगायला कायदा लागला, यावर वेगळे भाष्य करायची गरज नाही.

यश मिळालेली माणसे व्यासपीठावरून सांगतात की गरिबीनेच मला घडवले. टाळ्या पडतात. अशा भाषणांना मी अलीकडे बसत नाही. गरिबीने ज्यांना बिघडवले, थांबवले, अर्ध्या हातावर ठेवले, त्यांच्यासमोर कोणी ध्वनिक्षेपक धरत नाही, त्यामुळे ऐकू येते ती एकच बाजू. शिवाय हे विधान आतूनही खोटे आहे. जो वाचला तो कोणामुळे तरी वाचला असतो. एखाद्या शेजाऱ्याने न मागता पुस्तके दिलेली असतात, एखाद्या शिक्षकाने अर्धा हात ओळखलेला असतो, कुठे शिष्यवृत्ती असते, आणि बऱ्याचदा नुसते नशीब असते. या सगळ्यांचे श्रेय गरिबीच्या खात्यावर जमा करणे म्हणजे बुडणाऱ्याला काठावर ओढणाऱ्याला विसरून पाण्याचे आभार मानणे होय. चिकाटी मला अभावातून मिळाली असेलही. पण तीच चिकाटी भरल्या घरातल्या अनेकांत मी पाहिली आहे, आणि त्यांना तिच्यासाठी वर्गात हात अर्धा ठेवावा लागला नव्हता.

परिस्थिती बदलली की लाज जाते, हाही एक भ्रम. ती सवयींत उतरते आणि तिथे मुक्काम ठोकते. हॉटेलात पदार्थांच्या यादीत माझी नजर आधी उजवीकडच्या आकड्यांवर जाते. नवी वस्तू आणली की तिचे खोके मी टाकत नाही. कोणी भेट दिली तर परतफेडीची तारीख डोक्यात पक्की होईपर्यंत ती नीट पाहवत नाही. यात कोणाला वेदना दिसेल, मला अनेकदा स्वतःचेच हसू येते. हसू येत नाही ते एका गोष्टीचे. माझे मूल दुकानात एखादी वस्तू पाहून सरळ म्हणते, मला हे हवे. आधी चेहऱ्याकडे पाहत नाही, आवाज खाली आणत नाही, नकार गृहीत धरत नाही. त्याला असे मागता यावे म्हणून आम्ही इतकी वर्षे कष्ट केले, आणि तरी त्या क्षणी मनात एक बारीक चीड उमटते, हे कबूल करायला हवे. ती त्याच्या हट्टाची चीड नसते. मागण्याआधी हिशेब करावा लागत नाही असे वय असते, हे त्याला बघून मला पहिल्यांदाच कळत असते, आणि आपल्याच मुलाचा हेवा वाटणे ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. घरातल्या कोणाला मी ती सांगितलेली नाही.

त्याच्या शाळेत आता वर्गात हात वर करायला सांगत नाहीत. सहलीचे पैसे भरले की पालकांच्या मोबाइलवरच्या गटात नावांची यादी येते आणि ज्यांचे आले त्यांच्या नावापुढे हिरवी खूण होते. पहिल्या दिवशी यादी निम्मी हिरवी होते, तिसऱ्या दिवशी चार-दोन नावे कोरी राहतात, आणि मग गटातले कोणीतरी अगदी सद्भावनेने विचारते की उरलेल्यांचे कधी येणार, गाडी ठरवायची आहे. वर्गातल्या चाळीस जणांसमोरची ती गोष्ट आता ऐंशी पालकांसमोर होते, आणि त्यांच्या घरी त्यांची मुलेही तो मोबाइल हाताळतात. पालकसभेत मी हा विषय काढला. यादी गटावर टाकू नये, ती फक्त वर्गशिक्षिकेकडे असावी, आणि ज्यांना अडचण आहे त्यांनी थेट त्यांच्याशी बोलावे, एवढेच म्हटले. एक गृहस्थ म्हणाले की आजकाल कोणाला एवढे काही वाटत नाही, उगीच बाऊ कशाला. दोन-तीन पालक काहीच बोलले नाहीत, आणि न बोलण्याची ती ढब मला नीट ओळखता आली, म्हणून मी मागे हटले नाही. बाईंनी थोडा विचार करून होकार दिला. यादी आता त्यांच्याच वहीत असते. गाडी ठरवायला दोन दिवस उशीर होतो, आणि ते गृहस्थ दर सहलीच्या वेळी गटावर त्याची तक्रार करतात.